कुरकुर ते घरघर : चाकाच्या आवाजाचे निदानशास्त्र

यंत्रांच्या आवाजांसाठी मराठीने जे शब्द घडवले, तेच तिने माणसांच्या स्वभावांसाठीही वापरले, ही काटकसर भाषेच्या दृष्टीने कौतुकाची असली तरी यंत्रदुरुस्तीच्या दृष्टीने घातक ठरली आहे. कुरकुर बैलगाडीचे चाक करते आणि लग्नातला वरपक्षही करतो. किरकिर रातकिड्याची असते आणि तापातून उठलेल्या मुलाचीही. कटकट सुट्या झालेल्या पत्र्याची असते, तशीच भाडेकरूच्या मते ती घरमालकाची असते. आणि घरघर जशी निकामी होत आलेल्या बेरिंगला लागते, तशीच ती लेखापरीक्षणाच्या सुमारास एखाद्या पतसंस्थेलाही लागते. या दुहेरी वापराचा परिणाम असा की, चाकातून आवाज येऊ लागला की मराठी माणूस चाकाकडे पाहण्याऐवजी आवाजाचा स्वभाव ओळखायला बसतो, आणि स्वभाव ओळखण्याचा त्याला जन्मभराचा सराव असल्यामुळे आपले निदान चुकले असेल अशी शंका त्याच्या मनाला शिवत नाही. प्रस्तुत विवेचन या व्यापक विषयाच्या एका लहान शाखेपुरते, म्हणजे द्राक्षबागेतल्या छोट्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकातून येणारा आवाज आणि तो शोधण्यासाठी माणसे कोणत्या थराला जातात, एवढ्यापुरतेच मर्यादित आहे.

छोटा, अर्थात बोलीभाषेत मिनी, ट्रॅक्टर हा सर्वसाधारणपणे तीस अश्वशक्तीच्या आतला आणि रुंदीला तीन-चार फुटांचा असतो, कारण द्राक्षाच्या दोन ओळींमध्ये आठ-दहा फुटांपेक्षा जास्त जागा सहसा नसते आणि डोक्यावर वेलींचा मांडव असतो, ज्याखालून मोठा ट्रॅक्टर नेल्यास द्राक्षे आणि ट्रॅक्टर या दोहोंपैकी एकच गोष्ट शिल्लक राहण्याचा संभव असतो. बेदाण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात हे यंत्र आता घरच्या माणसासारखे झाले आहे, म्हणजे त्याच्यावाचून चालत नाही आणि त्याच्याकडे कोणाचे लक्षही नसते. या भागाची लोखंडाशी ओळखही आजची नव्हे. लोखंडी नांगर करणारी किर्लोस्करवाडी १९१० साली याच जिल्ह्याच्या मातीत उभी राहिली, आणि तेव्हापासून येथील प्रत्येक पुरुषाला यंत्रातले कळते, असा निदान त्या प्रत्येक पुरुषाचा तरी समज आहे.

द्राक्षवेलींची वर्षातून दोनदा छाटणी होते. उन्हाळ्यातल्या पहिल्या छाटणीला खरडछाटणी आणि पावसाळा सरतानाच्या दुसरीला फळछाटणी म्हणतात. फळछाटणीनंतर फुटलेल्या कोवळ्या पानांवर डावणी नावाचा बुरशीजन्य रोग येऊ नये म्हणून औषधांच्या फवारण्यांचा सपाटा सुरू होतो, आणि त्यासाठी ट्रॅक्टरच्या मागे ब्लोअर, म्हणजे औषधाची टाकी आणि मोठा पंखा एकत्र असलेले फवारणी यंत्र, जोडले जाते. या दिवसांत बागाईतदार झोपेत कूस बदलतो तीही आभाळाचा अंदाज घेऊनच. ट्रॅक्टरच्या चाकाला नेमकी हीच वेळ आवाज करण्यासाठी सोयीची वाटते; एप्रिल-मेमध्ये, जेव्हा मालकाला आणि मिस्त्रींना दोघांनाही सवड असते, तेव्हा ते चाक मौनव्रत पाळते.

या विवेचनासाठी निवडलेल्या ट्रॅक्टरचा आवाज मालकाच्या कानावर पहिल्यांदा पडला तो डिझेल वाचवण्याच्या प्रयत्नात. वस्तीवरून गावाकडे येणारा डांबरी रस्ता एका ठिकाणी उताराचा आहे, आणि उतारावर गिअर काढून गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे हे जरी ब्रेकच्या भरवशावर जीव टांगणे असले, तरी त्यातून वाचणारे चमचाभर डिझेल बागाईतदाराला निराळेच समाधान देते. इंजिनाची धडधड मंदावली आणि पुढच्या डाव्या चाकाकडून ‘टक्... टक्... टक्...’ असा आवाज स्पष्ट ऐकू आला. उपचाराची पहिली पायरी तत्काळ अमलात आली, ती म्हणजे मडगार्डवर बसवलेल्या स्पीकरवरील गाण्याचा आवाज वाढवण्यात आला. हा उपाय चार दिवस गुणकारी ठरला.

पाचव्या दिवशी मोबाइलची बॅटरी संपल्यामुळे रोग पुन्हा उद्भवला आणि मालकाने काही निरीक्षणे नोंदवली, जी शास्त्रीय दृष्ट्या निर्दोष होती. आवाज डांबरी रस्त्यावर येत होता, बागेतल्या मऊ मातीत येत नव्हता. वेग वाढला की टकटक जलद होत होती, वेग कमी झाला की सावकाश. या दोन निरीक्षणांवरून पुढे जो निष्कर्ष काढण्यात आला तो मात्र असा, की ट्रॅक्टरला बागेत काम करायला आवडते आणि गावाकडे यायला आवडत नाही. याच काळात त्या चाकातली हवा दर दोन-तीन दिवसांनी कमी होत होती, परंतु ती तक्रार व्हॉल्व्हच्या नावावर, म्हणजे हवा भरण्याच्या तोंडातील झडपेच्या नावावर, जमा झाली होती. त्याच आठवड्यात ब्लोअरच्या पंख्यावरच्या जाळीचा एक बोल्टही नाहीसा झाला होता. त्याचा संशय कामावरच्या गड्यावर घेण्यात आला आणि जाळी तारेने बांधण्यात आली. सरकारी कचेरीप्रमाणे ही तीनही प्रकरणे तीन स्वतंत्र फायलींत होती, आणि एका फाइलने दुसरीकडे डोकावण्याची प्रथा नव्हती.

आवाज मिस्त्रींना समजावून सांगणे हा या शास्त्रातील सर्वांत अवघड भाग होय. मनुष्याच्या मुखयंत्रातून चाकाचा आवाज काढता येत नाही, तरीही प्रत्येक वाहनमालक तो काढून दाखवतो, आणि मिस्त्रीही तो डॉक्टरच्या गांभीर्याने ऐकून घेतात.

“टक्... टक्... असा येतोय,” मालकाने तोंडाने आवाज काढून दाखवला.

“टक् का टॅक्?”

“तसं न्हाई. जरा ओला आवाज हाय. टक्क!”

“अण्णा, ओला म्हंजे ग्रीस संपलंय. कोरडा असता तर मग बेरिंग.”

अण्णांनी अधिक विश्वासार्ह पुरावा म्हणून मोबाइलवर आवाज मुद्रित करून आणला होता. त्या ध्वनिमुद्रणात तीन मिनिटे इंजिनाची धडधड, मध्येच वस्तीवरचे कुत्रे आणि शेवटी “च्या मारी, बंद कसं करायचं हे?” एवढाच मजकूर आढळला.

चहाच्या टपरीवर भरलेल्या सभेने या प्रश्नाचा सांगोपांग ऊहापोह केला. तिथे असे आढळून आले की, आवाज एकच असला तरी तो ज्याच्या कानात शिरतो त्याच्या धंद्याचा रंग घेऊनच शिरतो. एस.टी.तून निवृत्त झालेल्या चालकाला तो गिअरबॉक्सचा वाटला, कारण त्यांच्या नोकरीत कोणत्याही आवाजाची नोंद डेपोत गिअरबॉक्सच्या खाती होत असे. पिठाच्या गिरणीच्या मालकाने पट्टा सैल झाल्याचे सांगितले आणि ट्रॅक्टरच्या चाकाला पट्टा नसतो हे समजल्यावरही मत बदलण्यास नकार दिला. कृषी सेवा केंद्राच्या चालकाने एक नवे तेल सुचवले, जे योगायोगाने त्याच्याकडे शिल्लक होते. प्रस्तुत विवेचनाचा लेखकही त्या सभेस हजर होता आणि त्याने चहाचा पेला खाली ठेवून, आवाज उतरवून, “शॉकअप गेलाय,” असे ठामपणे सांगितले. शॉकअप म्हणजे धक्के शोषून घेणारा दांडा; या जातीच्या ट्रॅक्टरला तो मुळी नसतोच, ही माहिती लेखकाला शाळेत जाणाऱ्या एका मुलाकडून सर्वांसमक्ष मिळाली. त्या दिवसापासून या विषयावर बोलण्याऐवजी लिहिण्याचे त्याने ठरवले.

त्या सभेत एकच मत उपयोगाचे होते आणि म्हणूनच ते कोणी ऐकले नाही. भजनी मंडळातले पखवाजवादक रस्त्याच्या कडेला उभे राहून ट्रॅक्टर जाताना ऐकत राहिले आणि म्हणाले, “चाकाच्या दर फेऱ्याला एकच थाप पडतीय. सम चुकत न्हाई, पण कुणीतरी बाहेरून वाजवतंय.” सम म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, जिथे सगळी वाद्ये परत येऊन मिळतात. पुढच्या चाकाचा व्यास पावणेदोन ते दोन फूट धरला तर त्याचा परीघ साडेपाच ते सव्वासहा फूट होतो, आणि तेवढ्या अंतरात एकदाच होणारा आवाज हा चाकाबरोबर फिरणाऱ्या एखाद्याच जागेचा असणार, हे गणित त्या एका वाक्यात पूर्ण झाले होते. परंतु पखवाजवादकाकडे स्वतःचा ट्रॅक्टर नव्हता, आणि ज्याच्याकडे ट्रॅक्टर नाही त्याने ट्रॅक्टरवर बोलू नये, हा टपरीचा अलिखित नियम आहे. हा नियम गिरणीमालकाला लागू का नव्हता, याचा उलगडा झालेला नाही.

शेवटी ट्रॅक्टर मिस्त्रींच्या दारात गेला, आणि तिथे पोहोचताच, सर्व यंत्रांच्या आणि दात दुखणाऱ्या सर्व माणसांच्या परंपरेस अनुसरून, त्याला एकदम बरे वाटू लागले. मिस्त्रींचे अंगण मातीचे होते. जॅक लावून चाक उचलण्यात आले आणि हाताने गरागरा फिरवण्यात आले. टकटक नाही, खरखर नाही, काहीच नाही. मिस्त्रींनी लांब पेचकसाचे टोक हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, टेकवून त्याची मूठ कानाला लावली. फ्रेंच वैद्य रेने लेनेक याने १८१६ साली कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीला लावून स्टेथोस्कोपचा पाया घातला, तीच ही विद्या, फरक एवढाच की लेनेकच्या रुग्णाला बोलता येत होते. मग चाक वरून आणि खालून धरून हलवण्यात आले, कारण तसे हलल्यास बेरिंग सैल असते. नंतर डावीउजवीकडून धरून हलवण्यात आले, कारण तसे हलल्यास स्टिअरिंगच्या सांध्यांत खेळ, म्हणजे ढिलेपणा, असतो. चाक कोणत्याही बाजूने हलले नाही. नट पाहिले, घट्ट होते.

“मग आता?” अण्णांनी विचारले.

“हवेत लोड न्हाई ना. म्हणून लपलंय,” मिस्त्री म्हणाले. “बेरिंगच हाय. बदलूनच टाकू.”

येथे निदानशास्त्रातील एका महत्त्वाच्या सिद्धांताची नोंद घेणे आवश्यक आहे : पुरावा सापडला तर भाग बदलतात, आणि पुरावा सापडला नाही तर महाग भाग बदलतात. अनेक ट्रॅक्टरांच्या पुढच्या हबमध्ये निमुळत्या रोलरांची दोन बेरिंगे एकमेकांकडे तोंड करून बसवलेली असतात, म्हणजे सरळ भार आणि वळणावरचा आडवा रेटा दोन्ही पेलता येतात. घोडागाड्या बनवणाऱ्या हेन्री टिम्केन या अमेरिकी कारागिराला या रचनेचे पेटंट १८९८ साली मिळाले. ही बेरिंगे खराब झाली तर दर फेऱ्याला एकदा टकटक करत नाहीत, तर सलग घरघरतात, आणि गाडी वळवताना बाहेरच्या चाकावर भार गेला की ती घरघर वाढते. हे सर्व मिस्त्रींना ठाऊक होते. परंतु ज्ञान आणि बेरिंग हे दोन्ही मिस्त्रींच्या दुकानात होते आणि विकता येत होते फक्त बेरिंग.

चाक काढून, हब उघडून, जुने ग्रीस चिंध्यांनी पुसून, नवी जोडी ठोकण्यात आली. नट आवळून पुन्हा किंचित सैल करून त्याला स्प्लिट पिन, म्हणजे नट फिरू नये म्हणून आरपार घालून टोके उलटी वळवायची दुहेरी पिन, लावण्यात आली. या कामात मध्यंतर झाले तेव्हा काढलेले चाक अंगणात आडवे टाकून त्यावर बसून मिस्त्री आणि अण्णा या दोघांनी चहा घेतला. ज्या गोष्टीचा शोध चालला होता ती त्या वेळी मिस्त्रींच्या पायाच्या अंगठ्यापासून वीतभर अंतरावर होती, ही बाब नंतरच्या पुनर्रचनेतून सिद्ध झाली आहे.

पैसे मोजून झाल्यावर माणसाचा कान उदार होतो, हे या प्रकरणातले पुढचे निरीक्षण. परतीच्या वाटेवर अण्णांना आवाज “निम्म्याच्या वर कमी झालाय” असे वाटले, घरी सांगताना तो “जवळजवळ गेलाच” झाला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच उतारावर तो पूर्वीइतकाच, किंबहुना नव्या बेरिंगमुळे चाक हलके फिरू लागल्याने किंचित अधिक उत्साहाने, ऐकू आला. त्यानंतर पंधरवड्याच्या आत स्टिअरिंगचे दोन सांधे आणि किंगपिनचे, म्हणजे ज्या खिळीभोवती चाक वळते तिचे, बुश बदलण्यात आले. यातला प्रत्येक भाग खरोखरच थोडाफार झिजलेला निघाला, त्यामुळे कोणावरही फसवणुकीचा आळ घेता आला नाही. पाच-सात वर्षे चाललेले यंत्र कुठेही उघडले तरी तिथे झीज सापडते. पन्नाशीतल्या माणसाची तपासणी केल्यावर काहीच निघाले नाही असे कधी होत नाही, तसेच ते आहे.

या सर्व काळात चाकाचा बाहेरचा पृष्ठभाग कोणीच पाहिला नाही, याला वैज्ञानिक कारण होते. मोरचूद आणि चुना यांच्या बोर्डो मिश्रणाच्या फवारण्या चालू असल्यामुळे टायरवर निळसर चिखलाचा जाड थर चढला होता. योगायोगाने हे मिश्रणही पाहण्याच्याच सवयीतून जगाला मिळाले आहे : फ्रान्समधल्या बोर्डो परगण्यात वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुन्याचा विषारी दिसणारा लेप मारत, आणि नेमक्या त्याच वेली डावणीतून वाचल्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे याच्या नजरेस पडले, ज्यावरून त्याने हा उपाय १८८५ साली प्रसिद्ध केला. मिलार्दे वेलींना कान लावून बसला असता तर द्राक्षशेतीचे काय झाले असते, याचा विचार करवत नाही.

उलगडा झाला तो दिवाळीच्या पाडव्याला. त्या दिवशी औजारांची आणि वाहनांची पूजा करतात, आणि पूजेसाठी ती धुवावी लागतात. त्या घरात ट्रॅक्टर धुण्याचा वर्षातला हा एकमेव मुहूर्त होता. झेंडूची माळ इंजिनावर चढली, समोर नारळ ठेवला गेला, आणि अण्णांच्या आई हळदीकुंकवाचे तबक घेऊन चाकांना टिळा लावायला खाली बसल्या. महिनाभर चाललेल्या या संशोधनात चाकासमोर जमिनीवर बसून चाकाकडे बघणारी ही पहिली व्यक्ती होय.

“आरं, ह्ये काय घुसलंय हितं?” त्यांनी विचारले.

टायरच्या मधल्या पट्टीत, हळदीच्या बोटाशेजारी, वाटाण्याएवढे काहीतरी चकाकत होते. महिनाभर डांबर घासून त्याला चांदीची झिलई आली होती. तो ब्लोअरच्या जाळीचा बोल्ट होता. चाक रस्त्यावर एक फेरा पूर्ण करी तेव्हा बोल्टाचे डोके डांबरावर एकदा आपटे. बागेतल्या मऊ मातीत ते मुकाट रुते. आणि जॅकवर, जिथे आपटायला रस्ताच नसे, तिथे ते निर्दोष ठरे. अण्णांनी पकड आणून बोल्ट उपटला. टकटक कायमची थांबली आणि तिच्या जागी ‘फुस्स’ असा एक नवा आवाज सुरू झाला, ज्याचे निदान मात्र सर्वांनी एकमताने आणि तत्काळ केले. इतके दिवस पंक्चर करणारा आणि पंक्चर बुजवणारा तोच एक बोल्ट होता.

पाडव्याला पंक्चरवाले गावी गेलेले असल्यामुळे ट्रॅक्टर माळ घालून, कुंकू लावून, एका बाजूला कलून दोन दिवस अंगणात उभा राहिला, आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याने त्याला काय झाले आहे याबद्दल आपले मत दिले. पुढे पंक्चर निघाले; त्याचे पैसे मिस्त्रींच्या बिलातल्या ‘किरकोळ’ या शेवटच्या ओळीपेक्षा कमी झाले. गड्यावरचा आळ मागे घेण्यात आला, तो मोठ्याने नव्हे, दिवाळीच्या फराळाच्या पिशवीत दोन करंज्या जास्त घालून. पखवाजवादकाला टपरीवर चहा पाजण्यात आला, परंतु तो कशाबद्दल, हे त्याला सांगण्यात आले नाही.

बोल्ट परत जाळीला लावावा असा विचार झाला. तो आठ मिलिमीटर जाडीचा, तेरा नंबरच्या पान्याचा होता; पण डांबरावर घासून त्याच्या डोक्याचे सहाही कोपरे गोल झाले आहेत आणि कोणताही पाना आता त्यावर टिकत नाही. त्यामुळे जाळी अजून तारेनेच बांधलेली आहे. हल्ली तिचा थोडा किणकिण आवाज येतो.